तिसरी ओ

गुड्डीला दोन वर्षं आणि चार महिने झाले होते आणि तिने मला अजून एकदाही ओ दिली नव्हती.

बोलत नव्हती हे तर होतंच. पण बोलणं कुणाचं उशिरा येतं, हे मला कॉलनीतल्या शंभर जणींनी सांगून झालं होतं. ओ ची गोष्ट वेगळी. ओ म्हणजे धड शब्दसुद्धा नाही. तोंड उघडलं की झाली. मी दारातून हाक मारायची, "गुड्डीऽऽ", आणि ती अंगणात पाठमोरी बसून मातीत चमचा खुपसत राहायची. मान वळायची नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कान तपासले, मशीनवरच्या रेघा दाखवल्या. कान ठणठणीत. "ऐकते ती. उत्तर द्यावंसं वाटत नाही तिला अजून," असं ते म्हणाले. फार चांगला माणूस, पण त्या एका वाक्यावर मी बसमध्ये वरठी येईपर्यंत रडत होते.

आम्ही चिखल्याला राहतो, मॅंगनीज खाणीच्या कॉलनीत. जीवन, माझा नवरा, खाणीत खाली काम करतो. घरात आम्ही तिघं आणि त्याची आई. मी त्यांना आईच म्हणते. त्यांचं नाव धुरपता, सातवी पास, आणि ते 'सातवी पास' त्या नावासारखंच सांगतात.

गुड्डी एकाच गोष्टीकडे कान द्यायची. माझ्या रोमान्सकडे.

हे नीट सांगायला हवं. मी नागपूरला व्हायोलिन घेऊन बी.ए. केलं. तिथे पाश्चात्त्य संगीताचा एक पेपर होता आणि कॉलेजातल्या बाईंनी त्यात आम्हाला 'रोमान्स' नावाचा प्रकार ऐकवला होता. सगळी पोरं फिदीफिदी हसली. बाई म्हणाल्या, "हसा. पण रोमान्स म्हणजे शब्द काढून घेतलेलं गाणं. कोणीतरी कोणालातरी हाक मारतंय. चाल परत परत तीच येते, कारण हाक एकदा मारून भागत नाही. आणि शब्द नाहीत, म्हणून नाव कोणाचं ते कळत नाही. ज्याला आपली वाटेल त्याची."

तेव्हापासून मी रोमान्स जमवत आले. फोनमध्ये वीसेक असतील. एक चेलोचा आहे, त्यात सूर इतका खाली उतरतो की लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाणीत उतरणारा जीवन आठवतो. एक पियानोचा, डावा हात सगळा वेळ पाळणा हलवल्यासारखा. एक गिटारचा, अगदी साधा, शिकाऊ मुलालाही वाजवता येईल असा, आणि तोच मला सगळ्यात जास्त रडवतो. माझं स्वतःचं व्हायोलिन गुड्डीच्या जन्मापासून कपाटावर होतं, तारा सैल करून. पण दुपारी भांडी आटोपली की मी फोन लावायची. गुड्डी चमचा खाली ठेवायची आणि माझ्या गुडघ्याला टेकून ऐकायची. तेवढा अर्धा तास ती माझी असायची.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आई समोर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय लावून राहिली वो रोज रोज?"

"रोमान्स आहे, आई."

सूप थांबलं. "काय आहे?"

"रोमान्स. त्या प्रकाराचं नावच आहे ते."

"लेकरू आहे घरात, रत्ना! अन् भर दुपारी!"

मी हसले, मग बाईंनी सांगितलेलं त्यांना सांगितलं. हाक, शब्द नसलेली, वगैरे. त्या ऐकत राहिल्या. व्हायोलिनचा एक चालू होता.

"याच्यात तं कोनी काही बोलतच नाही."

"तेच तर."

"नुसतं फिडल वाजवते अन् तेले रोमान्स म्हनते?"

"हो."

आईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला जसं दूध उतू गेल्याचा वास आत्ता लागलाय. "माय वो," त्या म्हणाल्या. "मंग त्या सर्वेअरच्या टेपात बी हेच असन काय?"

तेव्हा मला ती गोष्ट पहिल्यांदा कळली. आमच्या शेजारचं क्वार्टर आता कुलूपबंद आहे, पण पूर्वी तिथे श्यामराव नावाचे सर्वेअर राहायचे. माझे सासरे मंगरू त्यांच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायचे. श्यामराव गेले आणि त्यांची बायको सत्यभामाबाई कॉलनी सोडून माहेरी आसगावला निघाल्या, तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींचा डबा आमच्या घरी दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. आमच्या आई सातवी पास.

"म्हने, धुरपता, वाच बरं काय काय आहे. भजनाची असली तं मी नेतो, बाकी तू ठेव. मी एक एक वाचली. अन् एकीवर त्या मानसाच्या अक्षरात लिवलं होतं, रोमान्स." आईंनी पदर तोंडाला लावला. "पाच मयने नव्हते झाले वो त्याले जाऊन. त्या बाईले म्या काय सांगू? का तुया नवरा असलं ऐके? म्या म्हनलं सिनेमाचे गाने आहे, अन् लुगड्यात गुंडाळून पेटीच्या बुडाशी टाकली."

"मग ऐकली नाही कधी?"

"मी ऐकन?" आई भडकल्या. "जीवन लहान होता घरात!"

त्या संध्याकाळी जीवनने पेटी उपसली. टेपरेकॉर्डरचा पट्टा सुटला होता, त्याने रबर बसवलं. आतलं हेड स्पिरिटने पुसलं. कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून टेप ताणून घेतली. आणि हे सगळं करताना आईला चिडवणं चालू होतं.

"तीस वर्षं रोमान्स लुगड्यात लपवून ठेवला. माही माय तं छुपी रुस्तम निघाली."

"थोबाड फोडीन तुयं."

दुसऱ्या दिवशी त्याची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी तो घरीच होता. जेवणं झाली. गुड्डी अंगणाच्या दारात बसली होती. मी बटण दाबलं.

आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. कोणीतरी खाकरलं. आणि लांबून दोनचा भोंगा. आमच्याच खाणीचा, दोनच्या पाळीचा भोंगा, टेपमधला, आणि तो संपता संपता बाहेरचा खराही वाजला. आम्ही तिघं हसलो. माझ्या हातावर मात्र काटा आला होता.

मग व्हायोलिन. शिकलेला हात नव्हता. दोन सूर किंचित खाली लागत होते. पण चाल! मी इतके रोमान्स ऐकलेत, ही चाल मला त्यांतल्या एकातही सापडलेली नाही. त्याची स्वतःचीच असावी. आठ-दहा सुरांची, वर चढून शेवटी अशी थांबणारी जशी दारात उभं राहून कोणी वाट बघतं.

"सर्वेअरचं फिडल!" आई म्हणाल्या. "हेच वाजवे तो. पोरीले बोलवाचं असलं का हेच. नाव घेऊन हाक कधी मारलीच नाही त्यानं."

चाल संपली की थोडी शांतता होती. मग मधला भाग, इकडचा-तिकडचा, मग परत तीच चाल. परत शांतता. मग पुन्हा मधला भाग, आणि तिसऱ्यांदा तीच. यावेळची शांतता लांब होती. टेप नुसती फिरत होती.

आणि दारातून गुड्डी म्हणाली, "ओ."

स्वच्छ. गोल. मान वळवून.

पुढचं काय सांगू? जीवनने तिला उचलून छताला लावलं. आईंनी क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत साखर वाटली. मी चुलीपाशी जाऊन रडले. त्या गडबडीत टेपवरचं व्हायोलिन पुन्हा सुरू होऊन कधी संपलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग रोज दुपारी तेच. भांडी, टेप, तीन वेळा चाल, आणि तिसऱ्या शांततेत गुड्डीची ओ. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदाच. आईंना त्याचं कौतुक. इकडे म्हणतातच, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असला तर परत हाक मारेल, तीनदा मारेल. दुसरं काही असलं तर एकदाच मारून थांबतं.

"आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्या हाय," आई म्हणायच्या, "भूतगीत काही नसते. पन पहिल्या हाकेले ओ देऊ नोको. पाहा, पोट्टी न शिकवता शिकली."

पण मी हाक मारली की काही नाही. एकदा मारली, तीनदा मारली, तीस वेळा मारली. ती चमचा खुपसत राहायची. तिची पहिली ओ तिने मला नाही, एका मेलेल्या माणसाच्या व्हायोलिनला दिली होती. कुठल्याही आईला हे कसं वाटतं ते मी लिहीत नाही.

आठवड्याभराने मला वाटलं, ही चाल आपण बसवावी. मग ती माझ्या हाताला ओ देईल. सूर नीट कळावेत म्हणून आवाज पूर्ण वाढवला आणि कान स्पीकरच्या जाळीला लावला. गुड्डी आत झोपली होती.

पहिली चाल संपली. शांततेत पाखरं होती, कुठेतरी हातपंप. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांब, एक बारीक आवाज.

"ओ."

मी टेप मागे घेतली. परत ऐकलं. लहान मूल. अंगणाच्या पलीकडून असावं, हसत दिलेली ओ. दुसऱ्या चालीनंतरही होती. पण ती पहिलीपेक्षा लांबून. तिसऱ्या शांततेत काही नव्हतं. पाखरंही नव्हती. ती शांतता मी मोजली, मनातल्या मनात बावीसपर्यंत. मग त्याने गज परत तारेवर ठेवला आणि शेवटचा भाग वाजवला, सावकाश, शेवटच्या लांब सुरापर्यंत. मग खटका. संपलं.

"आई," मी मागच्या अंगणात जाऊन विचारलं, "सर्वेअरची ती मुलगी कुठे असते आता?"

आई वाळवणाची डाळ पसरवत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "मंदा? ते तं गेली ना वो. तिसरं वर्ष चालू होतं तिले. मांगच्या बोडीत. दुपारच्यानं."

बोडी म्हणजे आमच्या ओळीमागे, धानासाठी पाणी अडवलेलं छोटं तळं. हाकेच्या अंतरावर.

"दुपारी किती वाजता?"

"दोनचा भोंगा झाला होता. बाई तुमसरले गेली होती बाजारात. तो घरीच होता." मग त्या थांबल्या. "मांगाहून जीवनच्या बाबाजवळ एकदा बोलला म्हने. मंगरू, मी पुरं वाजवलं. एवढंच. आमाले काही समजलं नाही कायचं पुरं वाजवलं ते."

मी त्यांना आत नेलं आणि ऐकवलं. पहिली ओ आली तसा त्यांनी माझा हात धरला. दुसरी आली. तिसऱ्या शांततेत त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. पण त्या जे बोलल्या ते भुताबद्दल नव्हतं.

"मी तिच्या मायले म्हनलं सिनेमाचे गाने आहे," त्या म्हणाल्या. "माय वो. तिच्या लेकराचा आवाज, अन् मी म्हनलं सिनेमाचे गाने."

मी वळले तर गुड्डी उठून दारात उभी होती. टेप बंद झाली होती. ती बोडीच्या दिशेने बघत म्हणाली, "ओ."

त्यानंतर टेप लावली नाही. कॅसेट परत लुगड्यात, पेटीच्या तळाशी. पण दोनचा भोंगा झाला की गुड्डी मागच्या दारात जाऊन उभी राहायची, मान किंचित वाकडी करून. थोडा वेळ ऐकायची. मग ओ द्यायची. कशाला, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. मी फोनवर माझे रोमान्स लावून बघितले, चेलोचा, पाळण्याचा. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जीवन म्हणाला, "सवय आहे, सुटंल." त्याने मागच्या दाराला वर कडी लावली.

आता जे सांगायचं ते मला सांगवत नाही, पण सांगते.

मी लिहिते. फार नाही, वहीत, दुपारी, ती झोपली की. त्या दिवशी ती माझ्या मांडीजवळ झोपली होती, आई दळण आणायला गेल्या होत्या, जीवन खाली खाणीत. मी तिच्याबद्दलच लिहीत होते. तिच्या कानामागच्या केसांबद्दल. भोंगा झाला तो ऐकू आला. मांडीजवळची ऊब गेली तेही कळलं. पण वाक्य हातात होतं. मला वाटलं, एवढं वाक्य पुरं करते आणि उठते.

वाक्य पुरं केलं. उठले. पुढचं दार उघडं होतं.

"गुड्डी!" काही नाही. "गुड्डीऽऽ!" ओळीतल्या दोन बाया बाहेर आल्या. एक हातपंपाकडे धावली, एक शाळेकडे. मी मागे धावले. ऊन असं पांढरं होतं की सावल्याच नव्हत्या. धान कापून झालेलं, शेतात नुसती बुडखं. पुढे बेशरमाची दाट झाडी, तिच्यापलीकडे बोडी. मी नाव घेऊन ओरडत होते आणि मला कळत होतं की ह्या नावाला ती कधीच ओ देत नाही. ती आता पाण्यात उभी असली तरी देणार नाही.

मग मी ओरडणं थांबवलं आणि ती चाल गायले.

गायले म्हणजे काय, धाप लागलेली, घसा कोरडा. शब्द नाहीत, नुसतं आऽ करून. आठ-दहा सूर. शेवटचा वर धरून ठेवला.

"ओ." लांबून. बोडीकडून.

मी चालत राहिले. पळायची हिंमत होत नव्हती, पळाले तर सूर तुटेल. दुसऱ्यांदा गायले. काट्यात साडी अडकली ती फाडून पुढे गेले.

"ओ." आणि मला सांगता येईना की ती जवळून आली की लांबून.

तिसऱ्यांदा गाण्याआधी मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही. ही शेवटची होती. हिच्यानंतरची शांतता मी मोजली होती, बावीसपर्यंत. तेव्हा तो माणूस खुर्चीत का बसून राहिला ते मला तिथे, त्या उन्हात, समजलं. जोवर तो वाजवत होता तोवर चाल संपलेली नव्हती. उठला असता तर संपली असती.

मी गायले. शेवटचा सूर धरला. सोडला.

"ओ."

"ओ."

दोन. एकामागून एक नाही, बरोबर. एकाच घरातल्या दोन पोरींनी द्यावी तशी.

बेशरमाच्या झाडांतून गुड्डी बाहेर आली. कोरडी होती. पायाला तेवढा चिखल. ती माझ्याकडे हसत बघत होती आणि तिचा डावा हात बाजूला धरलेला होता, मूठ अर्धी मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरताना मूल हात वर करतं. तिचा हात वर नव्हता. सरळ होता, खांद्याच्या खाली, तिच्याएवढ्याच कोणाचा तरी धरावा तसा.

मी तिला उचललं. तो हात तिने मिटलेलाच ठेवला.

पुढचे चार दिवस तो तसाच. अंगणात चालताना डावा हात बाजूला. बिस्किटाचे दोन तुकडे करून एक पायरीवर ठेवायची. झोपेतही मूठ सुटायची नाही. एकदा जेवताना मी चुकून दोन वाट्यांमध्ये भात कालवला. चुकून म्हणते. भीती वाटत होती, पण एक खरं सांगू? भीतीपेक्षा मला त्या दुसरीची माया जास्त वाटत होती. इतकी वर्षं तिला कोणी परत हाकच मारली नव्हती. आणि मला अजून ओ नव्हती. मी गुड्डी म्हटलं की ती शेजारी बघायची, जसं काही उत्तर द्यायचं काम तिथल्याचं आहे.

पाचव्या दिवशी आईंनी पेटी उघडली आणि लुगड्यासकट कॅसेट पिशवीत घातली. टेपरेकॉर्डर पदराने पुसला.

"चाल," त्या म्हणाल्या. "लेकराले तिच्या घरी पोचवा लागन."

"कोणत्या लेकराला, आई?"

"मले ईचारू नोको. मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हाय."

चिखल्याहून आसगाव म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं. तीन बस बदलल्या. टेपरेकॉर्डर आईंच्या मांडीवर, गुड्डी माझ्या. कंडक्टरने माझं आणि आईंचं तिकीट फाडलं. "पोट्टीचं नाही लागत," म्हणाला, आणि मग माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून, "एवढ्याल्या कोनाचंच लागत नाही."

सत्यभामाबाई भावाच्या मुलाकडे, खुशालकडे राहतात. अंगणात धान चुरून, मळून झालेलं होतं, रास पडली होती आणि त्या राशीवरच्या चिमण्या हाकलत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, वाळक्या, ताठ. आईंना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"धुरपता? म्हातारी झाली वो तू!"

"तुमी कोनत्या जवान राहिल्या, बाई."

चहा झाला. विचारपूस झाली. आईंचा पेला हातातच गार झाला होता. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि एका दमात बोलल्या.

"बाई, मी तुमाले खोटं सांगतलं होतं. त्या कॅसेटीवर रोमान्स लिवलं होतं. मले वाटलं वंगाळ काही असन, तुमाले लाज वाटन. ते सिनेमाचे गाने नव्हते."

"मंग?"

"मंदा आहे त्याच्यात."

सत्यभामाबाईंनी हातातली चिमण्यांची काठी आडवी ठेवली. धानाचा भुसा लागलेले हात लुगड्याला पुसले, एक एक बोट करून. "लाव," त्या म्हणाल्या. "मंदा दोनदा ओ देते," एवढं सांगून मी बटण दाबलं.

खरखर. खुर्ची. भोंगा. ऐकताना त्यांची मान अगदी गुड्डीसारखी वाकडी झाली होती. पहिली ओ आली तेव्हा त्या रडल्या नाहीत, त्यांचे ओठ तेवढे हलले, त्याच ओ चे. दुसरी आली. "हे लांबून आली," त्या हळूच म्हणाल्या. मग तिसरी चाल, आणि शांतता.

मी गुड्डीला घट्ट धरलं होतं. तिने ओ दिली असती तर त्या आईसमोर मी काय केलं असतं? पण तिने दिली नाही. ती माझ्या मांडीवरून उतरली. डावा हात तसाच बाजूला धरून अंगण ओलांडून सत्यभामाबाईंपाशी गेली. मिटलेली मूठ त्यांच्या मांडीवर ठेवली.

आणि उघडली.

सत्यभामाबाईंनी आपला हात पुढे केला होता. त्यांची बोटं हळूहळू मिटली, काहीतरी फार लहान सापडल्यासारखी. मिटलेलीच राहिली. टेपवर व्हायोलिन शेवटच्या सुरापर्यंत गेलं.

"पुरं वाजवलं त्यानं," त्या म्हणाल्या. "मले मालूम होतं. बाजारातून आली तं फिडल खुर्चीवर नीट ठेवलं होतं. घाबरलेला मानूस असं नीट ठेवत नाही. मी कधी ईचारलं नाही, त्यानं कधी सांगतलं नाही. पाच वर्षं तसेच राहिलो, मंग तो गेला."

टेपरेकॉर्डर आणि कॅसेट तिथेच ठेवून आम्ही निघालो. फाटकापर्यंत त्या आल्या नाहीत. बसूनच होत्या, मूठ मांडीवर.

रस्त्याला लागलो. आई पुढे. गुड्डी मागे रेंगाळली, दोन्ही हातांनी भुसा उधळत. दोन्ही हातांनी. मी मागे न बघता हाक मारली. खरं तर सवयीने मारली, काही मिळेल म्हणून नाही.

"गुड्डी."

"ओ."

मी उभी राहिले. आईही थांबल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तरी खेकसल्याच, "येडे! एका हाकेले ओ देते काय? तीनदा मारू दे न तुया मायले!"

मी दुसरी हाक मारली नाही. ती एक पुष्कळ होती.

आता ती बोलते. थांबत नाही बोलायची, माझं लिहिणंच बंद पडायची वेळ आली आहे, आणि वाक्य अर्धं टाकून उठायला मी शिकले आहे. हेसुद्धा अकरा वेळा उठून लिहिलंय. कपाटावरचं व्हायोलिन काढलं, नव्या तारा लावल्या. रोमान्स सगळे वाजवते, ती एक चाल सोडून.

मागच्या महिन्यात खुशालच्या फोनवरून सत्यभामाबाईंचा फोन आला. गुड्डीची चौकशी केली. धान किती झालं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "रोज दुपारी लावतो मी कॅसेट. एक ईचारू का, बाई? तू तं म्हनली होती मंदा दोनदाच ओ देते."

"हो, आजी."

"तीनदा देते वो. तिसरी तं अशी जवळून देते, का मी दाराकडं पाह्यतो."

फोनवर त्यांच्या मागे टेप चालू होती. व्हायोलिन थांबलेलं होतं. मी फोन कानापासून लांब धरला, काही ऐकू यायच्या आत.

"माझीच मोजायची चूक झाली असेल, आजी," मी म्हटलं.